बारा पुड्या, एक बरणी

भांडुप, मंगळवार, ६ जानेवारी २०२६

निधी,

आशीर्वाद घे आणि बस. उभ्याने वाचू नकोस.

तुझं बी मी फ्रिजमधून काढलं. भाजीच्या खणात तू निळ्या झाकणाचा डबा ठेवून गेलीस, त्यात बारा कागदी पुड्या होत्या. त्या पुड्या आता नाहीत. बी आहे. कसं झालं ते सांगते, मग काय बोलायचं ते बोल.

नोव्हेंबरच्या शेवटाला भर दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि मग आली ती अशी आली की पंखा उडून जातो की काय वाटलं. फ्रिजने एक ढेकर दिली आणि गप्प झाला. घरात मी एकटी. तुझे आईबाबा सकाळी आठला निघतात, रात्री नऊला उगवतात. मेकॅनिकला फोन केला तर विचारतो, "आजी, कितवा मजला?" म्हटलं सतरावा. "लिफ्ट?" म्हटलं दोन आहेत, एक गणपतीपासून मेलीय, दुसरी तिच्या मनात असेल तेव्हा चालते. म्हणाला, "मग तिच्या मनात आलं की फोन करा." झालं. अकरा दिवस फ्रिज कपाट बनून उभा.

बर्फाचं पाणी झालं आणि भाजीच्या खणात तळं साचलं. तुझ्या डब्याच्या झाकणाला फट होती, पुड्यांच्या कडा ओल्या झालेल्या. ओलं बी एक तर कुजणार, नाही तर भलत्या वेळी मोड काढणार. हे मला कोणी शिकवायला नको. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पण बी राखायला त्याच्याआधी शिकले. पुड्या सोडल्या, बी ताटात पसरून दोन दिवस सावलीत वाळवलं. आपल्या गावच्या शेजारच्या धाकूने मागे येताना चुलीची राख आणून दिली होती, ती फडक्यातून गाळली, त्यात बी कालवलं आणि कॉफीच्या काचेच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावलं.

सगळं एका बरणीत. बाराही पुड्यांवर तुझ्या अक्षरात एकच नाव होतं, लांबलचक इंग्रजी. समोरच्या दारातल्या अनुपमाने, आपली ब्लाउज शिवणारी, तिने एकेक पुडी वाचून खात्री केली. बारा वेळा तेच. म्हणजे एकच जात. एका जातीचं बी आपण कधी वेगळं ठेवलंय? गावात दहा वेलींच्या काकड्यांचं बी मुद्दाम एकत्र करतात, एखादी वेल दगा देते म्हणून. नावाखाली बारीक आकडे होते. मला वाटलं वजन असेल.

एवढे दिवस लिहिलं नाही. आताही लिहिलं नसतं, खोटं कशाला बोलू. पण काल तुझा निरोप आला की तुमच्या संस्थेतला सौरभ पंधरा तारखेला बी न्यायला येतोय. तो बारा पुड्या मागणार आणि मी त्याच्या हातात बरणी देणार, त्यापेक्षा तुला आधी कळलेलं बरं.

हे कागदावर लिहितेय कारण या डबीएवढ्या घरात फोनवर बोललं की भिंतीसुद्धा उत्तर देतात. अनुपमा जाळीतून कागद घेईल, फोटो काढून तुला नॉर्वेला पाठवेल. ती वाचणार. वाचू दे. शिवणाऱ्या बाईला लोकांची मापं माहीत असतात.

काय बिघडलं ते लिही. गोड करून लिहू नकोस.

तुझी आजी

-

भांडुप, शुक्रवार, ९ जानेवारी

निधी,

तुझं उत्तर अनुपमाने जाळीबाहेर उभं राहून वाचलं. दोनदा वाचायला लावलं.

म्हणजे राखेने काही बिघडलं नाही. बी जिवंत असेल म्हणतेस, उलट चांगलं वाळलंय. ते ऐकून बरं वाटलं, पण अर्धंच मिनिट. ते आकडे वजन नव्हते, मीटर होते. एक पुडी तीन हजार आठशेवरची, एक तीन हजार नऊशेवरची, अशा पायरी पायरीने चार हजार नऊशेपर्यंत. स्पीतीच्या त्या एकाच डोंगराच्या बारा पायऱ्या. आणि आता कुठलं बी कुठल्या पायरीचं ते कोणालाच सांगता येणार नाही.

ऑक्टोबरात तू मला हे सगळं सांगितलं होतंस, मी ऐकलंही होतं. ऐकलं तेव्हा गोष्ट वाटली, बरणी भरताना आठवली नाही. आता आठवतंय. डोंगर तापतोय म्हणून खालची झाडं दरवर्षी थोडी वर सरकतात, थंडी शोधत. जी आधीच शेंड्यावर आहेत त्यांना पुढे जायला जागा नाही. तुझं ते आंबट पानाचं झुडूप, अंबाडीसारखं लागतं म्हणालीस, ते तुझ्या डोंगरावरही आहे आणि तिकडे नॉर्वेच्या बर्फाळ माळावरही. तुला बघायचं होतं की खालच्या पायरीचं बी आणि शेंड्यावरचं बी एकाच उबेत ठेवलं तर कोण टिकतं, कोण नाही. खालच्याला उष्णतेची सवय लागली असेल तर शेंड्यावरच्याला वाचवायचं कसं ते त्याच्याकडून शिकता येईल. बरोबर ना? तीन वर्षं तू त्या डोंगरावर चढ-उतर केलीस. नाकाची साल निघालेली मी बघितलीय.

आणि मी त्याची भेळ केली.

आता पुढचं. तुझे सर विचारतायत, संस्थेचं बी संस्थेच्या थंड कपाटात का नव्हतं, भांडुपच्या फ्रिजात काय करत होतं. तू लिहिलंस की ऑक्टोबरात आजी हॉस्पिटलात होती म्हणून सरांची परवानगी घेऊन डोंगरावरून थेट मुंबईला आलीस, आणि इथूनच नॉर्वेचं विमान होतं म्हणून बी घरी राहिलं. ते मान्य करतील, पण हॉस्पिटलचा कागद हवा. अठ्ठावीस तारखेला बैठक. कागद नसेल तर निष्काळजीपणा ठरणार, आणि तसं ठरलं तर सप्टेंबरात तुला परत वर पाठवणार नाहीत. सप्टेंबर गेला की तिथे बी मिळत नाही. म्हणजे तीन वर्षं गेली आणि पुढचीही.

समजलं. मी मठ्ठ आहे, बहिरी नाही.

कागदाचं बघते. तुझ्या बाबाच्या कपाटात असेल कुठेतरी.

दुसरं एक. मी जन्मभर तांदूळ निवडलेत. माझ्या नजरेतून खडा सुटत नाही. काल बरणीतलं चमचाभर बी राख पाखडून ताटात घेतलं आणि भिंग लावून बसले. सगळं सारखं नाही गो. काही दाणे मोठे, पंखासारखी कड रुंद, काही बारके काळपट. वरचं बारीक असणार, उपाशी राहिलेल्यासारखं. माझ्याकडे वेळच वेळ आहे. सौरभ यायच्या आत बारा ढीग करून देते, तू आकडे टाक.

आजी

-

भांडुप, बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

निधी,

ढीग मोडले. बी परत बरणीत घातलं. आता ओरडू नकोस.

तुझा निरोप अनुपमाने वाचताना तिळाची वडी जाळीतून माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "आजी, आधी हे खा, मग ऐका." म्हणजे कळलंच. तू लिहिलंस, "आजी, अंदाजाने आकडा टाकला तर तो अंदाज राहत नाही, खोटं होतं. माझ्यानंतर शंभर माणसं त्या खोट्यावर काम करतील." मी दोन दिवस डोळे फोडून सात ढीग केले होते, सुंदर झाले होते. पण बरोबर आहे तुझं. मोठे दाणे खालचे, हे मला कोणी सांगितलं? मीच ठरवलं.

सौरभला सांग, बरणी तशीच ने. पंधराला येऊ नको म्हणावं, आदल्या दिवशी फोन कर, मग तुझा बाबा घरी असेल अशा वेळी ये. लिफ्टचं काही खरं नाही. आणि मला दार उघडायला जमत नाही, गुडघा धरलाय.

कागदाचं तू तीनदा विचारलंस. कपाटात नाही. तुझी आई म्हणते माळ्यावर असेल. माळ्यावर चढायला कोणाला वेळ आहे? रविवारी बघतील. मधल्या काळात तू त्यांना सांगता येतं का बघ की म्हाताऱ्या बाईचे कागद हरवतात. त्यांच्या घरी म्हाताऱ्या नाहीत का.

तुझ्या बाबाला थेट का विचारत नाहीस, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं झाली. पाहुणे चहा पीत बसले होते, मुलगा बिस्किट बुडवत होता, आणि तू पाठीवर सॅक टाकून कुर्ल्याला जाऊन गाडीत बसलीस. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. ऑक्टोबरातही एका ताटाच्या अंतरावर बसून, "आजी, बाबांना सांग मीठ द्या", "आई, तिला सांग मीठ तिच्या पुढ्यातच आहे". मी काय टेलिफोनची तार आहे?

इथे थंडी म्हणावी अशी नाही. पश्चिमेची काच दुपारी दोनपासून तापते ती सात वाजेपर्यंत. तू मला फोनवर त्या तुझ्या पेट्यांचे फोटो दाखवले होतेस. डोंगरावर झुडपाभोवती पारदर्शक भिंती उभ्या केलेल्या, वर छप्पर नाही, तरी आतलं झुडूप बाहेरच्यापेक्षा दोन अंश तापतं. तुला केवढं नवल. वारा अडवला की पुरतं गो, छपराची गरज नसते. मला विचारलं असतंस तर पेट्या बांधायचा त्रास वाचला असता.

टेकडीवरच्या घरात होतो तेव्हा पत्रा तापायचा, पण दार होतं. दारात बसलं की येणारा-जाणारा काहीतरी बोलून जायचा. इमारत झाली, आम्ही टेकडीवरून सतराव्यावर चढलो. आता वर फक्त गच्ची, आणि गच्चीला सोसायटीचं टाळं. तुझी झाडं मला चांगली समजतात, काळजी करू नकोस.

तिकडे आता दिवसभर अंधार असतो म्हणालीस. जेवतेस का?

आजी

-

भांडुप, सोमवार, १९ जानेवारी

निधी,

कागद मिळाला. शिक्का आहे, सही आहे. उद्या पाठवते.

लिफ्ट शनिवारी चालू झाली, रविवारी बंद. सोसायटीने खाली नोटीस लावलीय म्हणे की ज्येष्ठ नागरिकांनी गैरसोयीबद्दल सहकार्य करावं. खाली लावलीय. ज्येष्ठ नागरिक वर.

जास्त लिहीत नाही. हात दुखतो.

आजी

-

भांडुप, मंगळवार, २७ जानेवारी

निधी,

हा फोटो मी काढलाय. वाकडा असेल, बोट आलं असेल. अनुपमाने जाळीतून तिचा फोन दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. आधीच्या चार पत्रांत मी जे लिहिलं नाही ते ती वाचते म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते. तेही खोटं. ती समोरच राहते, तिला सगळं दिसतं. मला लिहायचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

उद्या तुझी बैठक. आठ दिवस तू कागद कागद करतेयस आणि मी गप्प. ऐक.

ऑक्टोबरात माझ्या छातीत कळ आली नव्हती. थोडीसुद्धा नाही, गॅसचीसुद्धा नाही. तुला फोन केला तेव्हा नुकते कांदे चिरून झाले होते, नाक वाहत होतं, आवाज आयता तसा लागला. हॉस्पिटलात नेलं होतं, आता घरी आणलंय, असं मी म्हटलं आणि तू पुढचं काही विचारलंच नाहीस. "येते" म्हणालीस. दोन दिवसांनी दारात उभी, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बी. तुझ्या बाबाला मी सांगितलं की गॅस झाला होता, पोर उगाच घाबरली. तुझ्या आईला म्हटलं, तिच्यासमोर दुखण्याचं नाव काढू नको, पोर रडते. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला असतात तर माझं खोटं अर्ध्या तासात उघडं पडलं असतं. तुम्ही नऊ दिवस बोलला नाहीत. मला ते माहीत होतं, त्यावरच मी डाव मांडला.

आता का ते. आपल्या दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार आहे, तू बघितलंस. गणपतीनंतर त्याला बाहेरून कुलूप असतं. सकाळी आठ ते रात्री नऊ.

गणपतीत मी खाली आरतीला निघाले होते. लिफ्ट मेलेली. म्हटलं उतरते जिन्याने, त्यात काय. नऊ मजले उतरले, आठव्यावर पाय मुडपला आणि बसले ती बसलेच. चार माणसांनी प्लास्टिकच्या खुर्चीत घालून परत वर आणलं, मी त्यांना वाटभर शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबाने साकीनाक्याहून कुलूप आणलं. कारखान्यात वापरतात तसलं, मोठं. "आई, तुझ्या भल्यासाठी." वाईट मनाने नाही लावलं त्याने. तीच अडचण आहे. वाईट मनाने लावलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

तुला सांगणार नव्हते. तू आधीच त्याच्याशी बोलत नाहीस, त्यात हे घातलं असतं तर मेल्यावरही बोलली नसतीस. आणि आपल्या पोराची चुगली त्याच्याच पोरीकडे करायची, हे माझ्याने झालं नसतं. पण दार तर उघडायला हवं होतं. दीड महिना मी त्या गजांना धरून समोरच्या भिंतीवरचा मीटरबोर्ड बघत होते. कोणाचं किती युनिट पडतं मला पाठ झालं होतं. मग हेच सुचलं. तू घरात असलीस की कुलूप नसतं.

तू होतीस ते नऊ दिवस मी दोनदा अनुपमाच्या घरी जाऊन बसले, चार वेळा जिन्याच्या खिडकीत उभी राहिले. तुला वाटलं आजी बरी होतेय. होतच होते.

तू विमानात बसलीस, दुसऱ्या दिवशी कुलूप परत.

फ्रिजचंही सगळं सांगितलं नाही. मेकॅनिक आला होता. तिसऱ्या दिवशी, बिचारा सतरा मजले चढून, हातात हत्यारांची पिशवी. जाळीबाहेर उभा राहिला, कुलूप बघितलं, मला बघितलं. म्हणाला, "आजी, चावी?" म्हटलं नऊ वाजता येते. पाणी मागितलं त्याने. आडव्या गजांतून उभा ग्लास जाईना, वाटीतून दिलं. तो गेला आणि परत आला नाही. मी तुला लिफ्टच्या नावावर खपवलं.

तर हे असं आहे. मी खोटं बोलले म्हणून तू आलीस, तू आलीस म्हणून बी आलं, दार बंद म्हणून फ्रिज पडून राहिला, आणि फ्रिज पडून राहिला म्हणून मी बरणी भरली. बरणी भरताना जी अक्कल लावली ती मात्र माझी एकटीची.

आता तो कागद. मी तुझ्या बाबाला एवढंच म्हटलं होतं की निधीला ऑक्टोबरचा हॉस्पिटलचा कागद हवाय, नाहीतर तिचं काम जाईल. तो म्हणाला, "कुठलं हॉस्पिटल?" म्हटलं, "कुठलं पण." त्याने माझ्याकडे बघितलं, पुढे काही विचारलं नाही, आणि रविवारी घेऊन आला. त्याच्या ओळखीचा कोणी डॉक्टर आहे, मागची तारीख घालून देतो. तू त्याच्याशी बोलत नाहीस आणि तो तुझ्यासाठी त्या माणसापुढे दोन तास बसून आला, हे मात्र ध्यानात ठेव. त्याला एवढंच जमतं, कुलूप आणायला, नाहीतर कागद आणायला.

मी कागद अनुपमाकडे दिला, फोटो काढ म्हटलं. तिने वाचला आणि जाळीतून परत केला. म्हणाली, "आजी, यात लिहिलंय चार दिवस दाखल. त्या चार दिवसांत मी तुम्हाला रोज इथे बघितलंय. वाटलं तर काढते फोटो. पण तुमच्या नातीने बियांच्या बाबतीत जे लिहिलं ते वाचून मीच दाखवलं होतं तुम्हाला."

त्यानंतर आठ दिवस तो कागद माझ्या गादीखाली आहे. त्यावर झोप येत नाही, सांगायचं तर शिक्का टोचतो.

काल सव्वीस जानेवारी, तुझा बाबा घरी. खाली झेंडावंदन झालं, लाऊडस्पीकर लागला होता. तुझी आई खाली गेली. तो पेपर वाचत होता. मी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे तू नाटक केलंस?"

"केलं."

"पोरीला डोंगरावरून खाली आणलंस? काय गरज होती गो आये?"

तो चिडला की गावचं बोलतो, तुला माहीत आहे.

म्हटलं, "तू कुलूप लावलंस."

"तू पडलीस म्हणून लावलं. परत पडली असतीस म्हणजे? मी तिकडे मशीनवर, मला कोण सांगणार?"

"आणि आग लागली असती तर? जाळीतून वाटी जाते जयवंता, मी जात नाही."

त्याने पेपर मिटला, परत उघडला. मग म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"रोज सांगितलं. सकाळी तू कुलूप लावताना रोज सांगितलं, नको लावू. तुला वाटलं म्हातारी बडबडते."

शेवटी विचारतो काय, "निधीला कळवलंस?" म्हटलं उद्या कळवते. म्हणाला, "तो कागद पाठवला तर तिचं काम वाचेल ना? मग हे कशाला सांगायचं? आता झालं ते झालं." मी म्हटलं, त्या हॉस्पिटलात कोणी फोन करून विचारलं तर खोटारडी कोण ठरेल? मी नाही. ती. आपण दोघांनी घोळ घातला आणि शिक्का तिच्या कपाळावर.

आज सकाळी निघताना तो कुलूप हातात घेऊन उभा राहिला. मी आतून बघत होते. मग त्याने लावलं. पण चावी समोर अनुपमाकडे देऊन गेला, तिला म्हणाला, "आईने मागितली तर उघडा." मला नाही म्हणाला. तिला म्हणाला. तुम्ही घाडी लोक कधी सरळ बोलणार?

अनुपमा चावी घेऊन आलीच, "उघडू का?" म्हटलं थांब. आधी हे लिहून होऊ दे. आत्ता बाहेर गेले तर मला बरं वाटेल आणि मग मी हे लिहिणार नाही, मला माझा भरवसा नाही.

याने तुझं काम वाचेल की जाईल मला माहीत नाही. सर म्हणतील, आजी लबाड, पण नात खरं समजून आली. नाहीतर म्हणतील, या घरातल्या कोणाचाच भरवसा नको. काय म्हणायचं ते म्हणोत. तू रागावलीस तर रागाव, मी समजूत काढणार नाही. माफी वगैरे मला मागता येत नाही, तुला ठाऊक आहे. डॉक्टरचा कागद मी फाडला. खालचं पान सरांसाठी आहे. इंग्रजीत तू कर, पण सौम्य करू नकोस, एकही शब्द. आणि सौरभला पाठव. आता दार उघडायला माणूस आहे.

आजी

-

सरांना नमस्कार.

मी जानकी सीताराम घाडी, राहणार भांडुप, वय चौऱ्याहत्तर, चौथी पास, निधीची आजी. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही, माझ्या हाताने लिहिते.

निधीच्या बारा पुड्यांचं बी मी एकत्र केलं. तिला माहीत नव्हतं, तिने तसं करायला सांगितलंही नव्हतं. बी वाळवून राखेत ठेवलंय, जिवंत आहे, पण कुठलं किती उंचीचं ते सांगता येणार नाही. मी दाण्यावरून ओळखायला गेले होते, तिने मला थांबवलं. कोणी म्हणालं की ओळखता येतं, तर विश्वास ठेवू नका.

ऑक्टोबरात ती बी घेऊन घरी आली ती माझ्या फोनमुळे. मी हॉस्पिटलात होते असं मी तिला सांगितलं. मी हॉस्पिटलात नव्हते. तिने तुम्हाला जे सांगितलं ते तिला खरंच वाटत होतं. हॉस्पिटलचा कागद नाही. उद्या कोणी आणून दाखवला तर तो खोटा समजावा.

तिची चूक एवढीच की माझा फोन आल्यावर तिने दोनदा विचारलं नाही. त्यासाठी तिला डोंगरावर जाऊ द्यायचं नसेल तर तुम्ही मोठी माणसं, तुम्ही ठरवा. पण तिथलं बी फक्त सप्टेंबरात मिळतं असं ती म्हणते, तेव्हा लवकर ठरवा.

तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला आजार नव्हता तर झालं काय होतं.

दार बंद होतं.

जानकी सीताराम घाडी